दाभण-सुतळीपासून खोक्यापर्यंत

मुंबईच्या जीपीओबाहेर पार्सलं शिवून देणारी माणसं बसायची, हे जुन्या मुंबईकराला सांगावं लागत नाही. मांजरपाटाचं कापड, दाभण, दोरा, आणि शिवणीवर ठिबकवलेली लाल लाख. वस्तू आत कशात गुंडाळली आहे याची फारशी चौकशी नसे. शिवण घट्ट आहे ना आणि लाख नीट बसली ना, एवढं पाहिलं जाई. त्या काळची भीती वस्तू फुटण्याची कमी आणि वाटेत कुणीतरी हात मारण्याची जास्त होती. कापड उसवलं तर दिसतं, लाख तुटली तर लपत नाही. विमा उतरवलेल्या पार्सलासाठी तर टपालखात्याचा नियम होता की प्रत्येक ठशावर पाठवणाऱ्याची खूण सारखीच हवी, आणि चालू नाणं दाबून उठवलेला ठसा चालणार नाही. बरोबरच आहे, रुपया काय, चोराच्याही खिशात असतो!

1877 साली भारतात व्हीपी, म्हणजे माल हातात पडताना पैसे भरायची टपालसेवा, सुरू झाली आणि लाखेच्या या मोहोरेचं वजन आणखी वाढलं. गिऱ्हाइकाने पोस्टमनला पैसे मोजायचे आणि मग पुडकं उघडायचं. घड्याळं, औषधं, पुस्तकं गावोगाव जाऊ लागली ती या भरवशावर.

खोक्याची गोष्ट मात्र दुसरीकडची. 1856 मध्ये इंग्लंडमध्ये नळ्या पाडलेल्या कागदाचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तसाच कागद बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला वापरला. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँगने त्याला सपाट कागदाचं अस्तर जोडलं आणि आजच्या पुठ्ठ्याचा पाया पडला. तरी अमेरिकन रेल्वे कंपन्यांचा भरवसा लाकडी पेटीवरच. पुठ्ठ्यातल्या मालाला त्या जादा भाडं लावत. 1914 च्या प्रिडहॅम खटल्यात हा भेदभाव बेकायदा ठरला, आणि मग पुठ्ठ्याला वाट मोकळी झाली. माझ्या मते बबल रॅपपेक्षा हा निकाल कितीतरी महत्त्वाचा, पण किस्सा सगळ्यांना आठवतो तो बबल रॅपचाच. 1957 मध्ये दोघे जण भिंतीला लावायचा नक्षीदार कागद करायला निघाले होते, तो कुणी घेईना, आणि पुढे हवेचे फोड असलेलं तेच प्लास्टिक आयबीएमच्या संगणकांभोवती गुंडाळलं गेलं.

आपल्याकडे लाकडी पेटी बराच काळ टिकली. कोकणातला हापूस फळीच्या पेटीत, पेंढ्यात बसून वाशीला यायचा. आता कुरिअरने घरपोच जाणारा एक-दोन डझन आंबा पुठ्ठ्याच्या खोक्यात जातो, आणि तिथे खरी कसरत असते. पिकणारं फळ ऊब धरतं, म्हणून बाजूला भोकं हवीत. भोकं पाडली की खोक्याची भिंत कमजोर होते. त्यात दमट हवेने पुठ्ठा नरमतो. म्हणून भोकं कोपऱ्यांपासून लांब ठेवतात, कारण वरच्या खोक्यांचा भार मुख्यतः कोपरेच पेलतात.

आजचं पार्सल माणसाच्या हातात थोडाच वेळ असतं. हबमध्ये, म्हणजे पार्सलं गावांप्रमाणे वेगळी करण्याच्या केंद्रात, ते सरकत्या पट्ट्यावरून घसरतं, पोत्यात पडतं, वर दुसरी पार्सलं येतात. लाल अक्षरातलं ‘फ्रॅजाइल’ त्या पट्ट्याला वाचता येत नाही. या आदळआपटीचा अभ्यास अमेरिकेत 1948 पासून पद्धतशीर सुरू झाला, तोही एनॅमलच्या वस्तूंचे टवके उडायचे म्हणून. मालाचं खोकं मुद्दाम कोपऱ्यावर, कडेवर, सपाट बाजूवर टाकून पाहायचं, ही तेव्हाची रीत आजही चालू आहे. भारतात 1966 साली भारतीय पॅकेजिंग संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईत, अंधेरीला आहे आणि तिथेही अशा चाचण्या होतात.

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या घरांना हे शास्त्र अनुभवाने ठाऊक झालंय. चकल्यांचा डबा अर्धा रिकामा राहिला की पोचतो तो चुरा. म्हणून फटींत कागद कोंबायचा, डबा कानाशी धरून हलवायचा, आवाज आला तर पुन्हा उघडायचा. मग बाहेरच्या खोक्यात चारी बाजूंनी दोन बोटं तरी जागा सोडून तीही कागदाने भरायची. टेप फक्त मधल्या फटीवर मारून भागत नाही, दोन्ही टोकांच्या कडाही बंद कराव्या लागतात.

पण मोठं खोकं घेऊन भरपूर कागद कोंबावा, तर कुरिअरवाला टेप घेऊन मापं घेतो. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमध्ये गुणाकार करून 5000 ने भागायचं, हा बऱ्याच कंपन्यांचा हिशोब. 40 बाय 30 बाय 30 चं खोकं प्रत्यक्षात तीन किलो भरलं तरी पावती 7.2 किलोवर फाडली जाते. त्यामुळे विक्रेते खोकं दिवसेंदिवस आवळत चाललेत, आणि चारी बाजूंची ती दोन बोटं पहिली जातात.