मांजर आडवं गेलं की

दिवाळीत गावाला जायचं, घर आठवडाभर बंद राहणार, म्हणून अलार्म बघायला गेलो. खोक्यावर छापलं होतं : ‘पेट इम्यून, २५ किलोपर्यंत’, म्हणजे तेवढ्या वजनाच्या पाळीव प्राण्याने भोंगा वाजणार नाही. मी विचारलं, "याला वजन कसं कळतं हो?" दुकानदार शांतपणे म्हणाला, "आत चिप असते, साहेब."

चिप असते हे खरं. वजन मात्र तिला काडीचंही कळत नाही.

हॉलच्या कोपऱ्यात वर लावतात तो पांढरा डबा म्हणजे पीआयआर, अर्थात पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर. सिनेमे बघून वाटतं की यातून लाल किरण सुटतात आणि चोराने ते तोडले की भोंगा वाजतो. हा डबा काहीच सोडत नाही, नुसता बघतो. आपली त्वचा साधारण ३३ अंशांवर, म्हणजे ३०६ केल्विनवर असते. २८९८ ला ३०६ ने भागा (वस्तू तिच्या तापमानाला कोणत्या तरंगलांबीवर सर्वाधिक उजळते ते सांगणारा वीनचा नियम), उत्तर येतं साडेनऊ मायक्रोमीटर. या तरंगलांबीच्या आसपास आपण रात्रंदिवस उजळत असतो, फक्त डोळ्यांना ते दिसत नाही. गंमत म्हणजे खिडकीची काच हे किरण अडवते आणि डब्यावरचं दुधट पॉलिथिन ते जाऊ देतं. सेन्सरसमोर स्वच्छ काच धरून मागे हात हलवा, डब्यावरचा दिवा लुकलुकणार नाही. पातळ कॅरीबॅग धरा, लुकलुकेल.

आता आतला स्फटिक, माझा लाडका. तापवलेल्या तुरमली या रत्नाला राख चिकटते हे सिलोनहून ते खडे आणणाऱ्या डचांना ठाऊक होतं. तिला त्यांनी नावच ‘राख ओढणारी’ असं दिलं. १८२४ मध्ये ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी, म्हणजे उष्णतेतून येणारी वीज, म्हटलं. सेन्सरमध्ये तुरमलीऐवजी लिथियम टँटलेट किंवा तशाच गुणाचं सिरॅमिक असतं. अशा पदार्थात धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात. एरवी आजूबाजूचे सुटे भार पृष्ठभागावर जमून ही विषमता झाकून टाकतात. तापमान बदललं की सरकण्याचं माप बदलतं, झाकण क्षणभर तोकडं पडतं आणि तेवढ्यापुरता भार उघडा होतो. तापमान स्थिरावलं की पुन्हा सामसूम. म्हणजे या डब्याला उष्णता कळत नाही, उष्णतेतला बदल कळतो. सोफ्यावर झोपी गेलेला चोर त्याच्या लेखी सोफाच.

पुढची करामत अशी की स्फटिकाचे दोन तुकडे शेजारी ठेवून उलटसुलट जोडतात. भिंत हळूहळू तापली तर दोन्ही तुकडे सारखेच तापतात आणि एकाची अधिक खूण दुसऱ्याची वजा खूण खाऊन टाकते. वरची खवल्याखवल्यांची भिंगं (दीपगृहांसाठी फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काढलेली तीच युक्ती) खोलीचे हाताच्या बोटांसारखे पट्टे पाडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी अधिक, मग वजा असा हेलकावा येतो आणि भोंगा वाजतो. सरळ डब्याच्या दिशेने चालत आलात तर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहता, त्यामुळे तो उशिरा जागा होतो. म्हणून डबा दारासमोर लावू नका; आत येणारा त्याला आडवा जाईल अशा भिंतीवर लावा. मांजर आडवं गेल्यावर खरोखर काही बिघडत असेल तर ते एवढंच. रस्त्यात ते बघून घरी परतणाऱ्यांनी निदान स्वतःला पीआयआर तरी म्हणावं!

मग ते २५ किलो? खालच्या बाजूची भिंगं झाकतात किंवा काढून टाकतात, म्हणजे जमिनीलगत पट्टेच उरत नाहीत. काही डबे वरचे आणि खालचे पट्टे एकदम कापले जायची वाट बघतात. उभा माणूस दोन्ही कापतो, कुत्रा फक्त खालचे. शिवाय केसांमुळे जनावराचा पृष्ठभाग खोलीच्या तापमानाजवळ असतो. २५ किलो हा उंचीचा ढोबळ अंदाज आहे, आणि तो डबा सांगितलेल्या उंचीवर, बहुधा दोन-सव्वादोन मीटरवर, सरळ बसवला असेल तरच.

कुत्र्याचं यात भागतं. मांजराचं नाही, कारण मांजर जमिनीवर राहतच नाही. चार किलोंची आमची मनी कपाटावर चढली की डब्यापासून दोन हातांवर येते, आणि इतक्या जवळून ती बरेच पट्टे भरून टाकते. पीआयआरला मायक्रोवेव्ह लहरींनी हालचाल टिपणारा सेन्सर जोडलेला दुहेरी डबा घेतला तरी उडी मारणारं मांजर दोन्ही डोळ्यांना दिसतंच. विदर्भातल्या मे महिन्यात उलटा घोळ : भिंत ३६ अंशांवर गेली की चोर आणि भिंत यांतला फरकच पुसट होतो. चांगले डबे तेव्हा आपली संवेदनशीलता वाढवून घेतात. खोक्यावर ‘एआय’ लिहिलंय की नाही यापेक्षा दुकानदाराला हे विचारा.

मी शेवटी मुख्य दाराला आणि बाल्कनीला चुंबकवाले स्विच लावले. काचेच्या नळीत दोन पातळ लोखंडी पात्या, दार मिटलेलं असताना चुंबकामुळे चिकटलेल्या. दार उघडलं की सुटतात. पीआयआर एकच घेतला, तो आतल्या पॅसेजमध्ये, जिथे कपाटही नाही आणि फ्रिजही नाही. मनीची वाट तिथूनच जाते, पण जमिनीवरून.