पाद्रींची प्रवाससुरक्षा

दुर्गम किंवा धोक्याच्या मुलखात काम करणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंना सुखरूप ये-जा करता यावी यासाठी धर्मप्रांत, धर्मसंघ व देणगीदार संस्था जी व्यवस्था करतात, तिचा या नोंदीत विचार केला आहे. जीप, मोटारसायकल, होडी, खेचर, छोटे विमान ही त्याची साधने. पण वाटाडे, मुक्कामाची खात्रीची घरे आणि आगाऊ निरोप यांचे महत्त्व त्याहून कमी नाही, आणि गोव्याच्या इतिहासाइतके ते क्वचितच कुठे स्पष्ट दिसते.

पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगीज राजाने चर्चचा आश्रयदाता असण्याच्या व्यवस्थेत मिशनऱ्यांच्या सागरी प्रवासाचा भार पोर्तुगीज राजसत्ता उचलत असे. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले ते याच आश्रयाने. मात्र डचांनी सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) किनाऱ्यावर कॅथलिक पाद्रींना मज्जाव केल्यावर पोर्तुगीज जहाज म्हणजे उलट संकटच ठरले असते. बाणावलीशी नाते असलेले, १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात तुतिकोरीनहून जाफन्याला गेले. आजाराने खंगलेले हे पाद्री गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत. माळ पाहून घरच्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते, त्यावरून कॅथलिक कुटुंबे ओळखत. पुढे त्याच कुटुंबांनी त्यांना लपवले आणि रातोरात एका घरातून दुसऱ्या घरी पोहोचवले. कँडीत १६९२ मध्ये हेर समजून त्यांना कैद झाली, तरी काम थांबले नाही. गोव्याच्या ओरेटरी या पाद्रींच्या संघातून मागाहून मदतीला पाद्री येत राहिले; दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस १७०५ मध्ये पोहोचले. वाझ यांना १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत संतपद देण्यात आले.

मोटारयुगात या कामाला संघटित रूप आले ते एका मृत्यूमुळे. ओटो फुहर्मान हे मिशनरी १९२५ मध्ये आजच्या नामिबियातील ओव्हाम्बो भागात वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावले. त्यांचे मित्र पॉल शुल्टे हे पाद्री आणि पहिल्या महायुद्धातील वैमानिक. त्यांनी १९२७ मध्ये जर्मनीत ‘मिवा’ ही संस्था काढली. मिशनांना वाहने पुरवणे हेच तिचे काम. ऑस्ट्रियातील मिवा प्रवाशांचे रक्षक संत ख्रिस्तोफर यांच्या सणाच्या सुमारास वाहनचालकांना अपघाताविना कापलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे सेंटचा दहावा भाग द्यायला सांगते. देणाऱ्याचा सुखरूप प्रवास दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, ही कल्पना फार सुंदर आहे.

गाडी मिळाली की प्रश्न सुटला असे होत नाही. डिझेल, टायर, सुटे भाग आणि चिखलात रुतलेली गाडी ओढणारा दोर यांची तरतूद देणगीतच धरायला हवी. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ती मिशनच्या आवारात उभी राहते. अपहरणाची भीती असलेल्या भागात नवी कोरी गाडी लगेच नजरेत भरते. तिथे जुने वाहन, दुसरा सोबती आणि पोहोचण्याची वेळ माहीत असलेला गावातला माणूस अधिक कामी येतात. गोव्यात काणकोणातील आगोंद येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे पिळार येथे स्थिरावलेल्या मिशनरी संस्थेचे पाद्री आजही देशाच्या दूरदूरच्या भागांत जातात. त्यांना पाठवणाऱ्यांनी गाडीइतकाच वाटेतल्या सोबत्यांचा आणि गावातल्या माणसांचाही आधी विचार करायला हवा.