खरवडलेलं जातं कुठे?

२०२२ च्या डिसेंबर अखेरीस ‘व्हायकिंग ओरायन’ या प्रवासी जहाजाला न्यूझीलंडच्या बंदरांत यायला मनाई झाली. कारण जहाजाच्या बुडाला चिकटलेले सागरी जीव. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून पाणबुड्यांकडून बूड घासून घ्यावं लागलं. ठरलेली बंदरं हुकली आणि शेकडो प्रवाशांनी नववर्ष जहाजाच्या डेकवरून समुद्र बघत काढलं. चार चिकट जिवांसाठी एवढा कडकपणा कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. माझ्या मते तो कडकपणा रास्तच होता.

जहाज पाण्यात उतरलं की काही तासांतच बुडावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. मग सूक्ष्म शेवाळ, आणि त्यामागून शिंपले, नळीत राहणारे कृमी, बार्नेकल. बार्नेकल दिसायला शिंपल्याचा भाऊबंद, पण गोतावळा खेकडा-कोळंबीचा. त्याची अळी जागा चाचपत पृष्ठभागावर अक्षरशः चालते, पसंत पडली की डोकं टेकवून स्वतःच तयार केलेल्या सिमेंटने चिकटते आणि उरलेला जन्म उलटं राहून पायांनी अन्न ओढते. या सगळ्या खडबडीतपणाला रेटत जहाज चालवायचं म्हणजे इंधन जास्त. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ‘ग्लोफाउलिंग’ प्रकल्पाच्या अहवालानुसार अर्ध्या मिलिमीटरचा नुसता बुळबुळीत थर निम्म्या बुडावर पसरला, तरी हरितगृह वायूंचं उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं.

यावरचा जुना उपाय तांब्याचा. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराने लाकडी जहाजांना तांब्याचे पत्रे ठोकले. ते समुद्रात झिजतात म्हणून १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, आणि त्यावर बार्नेकल मजेत वाढू लागले! तांबं जिवांना दूर ठेवतं ते विरघळतं म्हणूनच. विरघळणं थांबवलं की विषही थांबलं. बुडाला लावायच्या आजच्या बहुतेक रंगांत तांब्याचं ऑक्साइड असतं ते याच तत्त्वावर. मध्यंतरी ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं जालीम संयुग आलं होतं. फ्रान्समधल्या आर्काशोनच्या खाडीत त्याने कालवांची शेती बुडवली, काही सागरी गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली. २००८ पासून जगभर त्यावर बंदी आहे.

म्हणजे पाण्यात बूड खरवडलं की दोन गोष्टी सुटतात: जीव आणि विषारी रंग. जिवांचं काय होतं, हे मुंबईकरांना लांब जाऊन बघायला नको. कॅरिबियन भागातला काळ्या पट्ट्यांचा एक छोटा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबई बंदरातही ठाण मांडून बसला. १९९९ मध्ये तोच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोचला, तेव्हा तिथल्या लोकांनी बोटींच्या बंदिस्त गोद्यांचे दरवाजे लावून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपला संपला, पण त्याच्याबरोबर तिथलं बाकीचंही पुष्कळ मेलं. उघड्या खाडीत असं करणं शक्यच नसतं.

कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घासता येतात, रंगवता येतात. तीनशे मीटरच्या मालवाहू जहाजाला सुकी गोदी काही वर्षांतून एकदाच मिळते. मधल्या काळात पाण्यातच साफ करायचं, पण खरवडलेलं सांडू द्यायचं नाही, असं यंत्र लागतं. चुंबकाने किंवा पाण्याच्या दाबाने बुडाला धरून चालणारी ही गाडी असते. तिच्या आच्छादनाखाली ब्रश किंवा पाण्याचे फवारे फिरतात आणि शेजारचा पंप निघालेला चिखल तिथल्या तिथे ओढून नळीने वर पाठवतो. वर त्यातला गाळ बारीक गाळण्यांमधून वेगळा होतो.

इथपर्यंत सोपं. खरी अडचण विरघळलेल्या तांब्याची, कारण ते गाळणीला दाद देत नाही. त्यासाठी धातू शोषून घेणारे पदार्थ किंवा रासायनिक प्रक्रिया लागते आणि खर्च वाढतो. जहाजमालकांच्या ‘बिम्को’ या संघटनेने २०२१ मध्ये काढलेल्या मानकात निघालेल्या मळापैकी किमान ९० टक्के पकडायला सांगितलं आहे. उरलेले दहा टक्के कुठे जातात, हे सांगायला नको. म्हणून ‘पर्यावरणपूरक सफाई’ अशी जाहिरात दिसली की नळीतून परत समुद्रात सोडलेल्या पाण्यात तांबं किती, एवढंच विचारावं.

त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग म्हणजे बार्नेकल बसूच न देणं. थर बुळबुळीत असतानाच मऊ ब्रशने वरचेवर पुसला, तर रंग फारसा निघत नाही आणि त्या बंदरात नवा असा जीवही सुटत नाही. सिलिकोनचे विषरहित लेपही आहेत. त्यांच्यावर जीव बसतो, पण पकड घट्ट बसत नाही आणि जहाज वेगात निघालं की बरेचसे गळून पडतात. अट एकच, जहाज चाललं पाहिजे. उबदार पाण्यात आठवडेच्या आठवडे नांगर टाकून उभ्या जहाजाला हा लेप फारसा वाचवत नाही.

शिवाय बूड म्हणजे सपाट भिंत नव्हे. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेट्या, त्यांच्या जाळ्या, सुकाणूचे सांधे, पंख्याचा दांडा अशा कोनाकोपऱ्यांत प्रवाह मंद, म्हणून जिवांची गर्दी सगळ्यात जास्त. गाडी तिथे पोचत नाही. ते काम आजही पाणबुड्याच हाताने करतो, आणि तिथे खरवडलेलं पकडायला प्रत्येक वेळी पंप असतोच असं नाही.