‘पॉश’चा बोटीशी संबंध नाही

पॉश वस्तीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: इंग्लंडहून मुंबईला येताना श्रीमंत साहेब बोटीच्या डाव्या बाजूची, परतताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीतली केबिन घेत, ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं तिकिटावर छापलेली असत. गोष्ट सुरेख आहे, पण तिला पुरावा नाही. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या दप्तरातही तशी नोंद नाही. उलट १९व्या शतकातल्या लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, विशेषतः अर्धा पेनी. रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा! छानछोकीत राहणारा माणूस, हा अर्थही त्याच शतकातला. ऑफिसातल्या ‘पॉश’ समितीचं नाव मात्र खरोखरच ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’च्या आद्याक्षरांचं आहे, २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यावरून पडलेलं.