संत्र्याच्या पांढऱ्या सालीपासून सुरू झालेली गोष्ट

संत्रं सोलताना सालीच्या आतला पांढरा, कडवट भाग आपण निगुतीने काढून टाकतो. त्यातूनच फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लेब्रेटाँ यांनी १८२८ मध्ये हेस्पेरिडिन वेगळं केलं. त्याचा शरीराला काय उपयोग, हा प्रश्न पुढची शंभर वर्षं जवळजवळ पडूनच होता. ते ज्या कुळातलं, त्या फ्लेव्होनॉइड या वनस्पतींतल्या द्रव्यांच्या कुळाची तेव्हाची ओळख रंगाची. नावही लॅटिनमधल्या ‘फ्लेव्हस’, म्हणजे पिवळ्यावरून आलेलं.

औषधी गुणांची चर्चा सुरू झाली हंगेरीत. तिथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी ‘क’ जीवनसत्त्वावर काम करत होते. केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, कमकुवत होऊन त्वचेखाली रक्त झिरपणाऱ्या रुग्णांना लिंबाचा किंवा पेपरिका मिरचीचा अर्क दिला की गुण येई. शुद्ध ‘क’ जीवनसत्त्वाने येत नसे. अर्कातल्या त्या ‘आणखी कशाला’ तरी, म्हणजे फ्लेव्होनॉइडना, १९३६ मध्ये नाव मिळालं ‘पी’ जीवनसत्त्व. हा ‘पी’ पर्मिएबिलिटीतला, म्हणजे झिरपण्याचा. सुजेतही केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतोच, त्यामुळे दाहाशी नातं पहिल्यापासून होतं. पण हे न मिळाल्याने अमुक एक आजार होतो, असं काही सिद्ध होईना. १९५० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते नावच मोडीत काढायला सांगितलं.

मग बराच काळ सामसूम. १९७७ मध्ये तर क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवतं, असं दिसल्याने संशयच आला. वारं फिरलं १९९३ मध्ये. नेदरलँड्समधल्या झुटफेनच्या ८०५ वृद्ध पुरुषांच्या पाहणीत चहा, कांदा, सफरचंद यांतून जास्त फ्लेव्होनॉइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी आढळले. लगेच ‘अँटिऑक्सिडंट’ची, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांची, लाट आली. माझ्या मते या विषयाचं सर्वांत जास्त नुकसान त्या एका शब्दाने केलं. २००४ मध्ये सहा जणांना पाच-पाच सफरचंदं खायला दिली. रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली खरी, पण फळातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक अ‍ॅसिड वाढल्याने!

आता भर आहे पेशीतल्या संदेशांवर. प्रयोगशाळेत ही द्रव्यं दाह पेटवणारा ‘एनएफ-कप्पा-बी’ हा प्रथिनाचा रेणू दाबतात आणि पेशीची स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवणारा ‘एनआरएफ-२’ हा दुसरा प्रथिन-रेणू जागा करतात. मात्र काचेच्या बशीतल्या पेशींना मिळणारी मात्रा बहुतेकदा रक्तात पोहोचणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असते. ते हेस्पेरिडिनही लहान आतड्यात फारसं शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला जोडलेली साखर तोडतात, आणि मग काही तासांनी, बदललेल्या रूपात, ते रक्तात उतरतं.