नव्या भागावरचा ‘चाहत्यांचा कौल’ येतो कुठून?

विज्ञानपटांच्या एखाद्या गाजलेल्या मालिकेचा नवा भाग लागला की पहिल्या दोन दिवसांतच दोन आकडे फिरू लागतात: समीक्षकांचे टक्के आणि प्रेक्षकांचे टक्के. दोन्हींत मोठी तफावत दिसली की चाहत्यांचे दोन तट पडतात आणि जो तो आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो. तो आकडा कुणाला विचारून, कधी आणि कसा काढला, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

पूर्वी असा आकडाच नव्हता, पत्रं होती. १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका बंद पडू नये म्हणून पत्रमोहीम झाली आणि तिसरं पर्व मिळालं. १९८२ च्या याच मालिकेवरच्या दुसऱ्या चित्रपटात स्पॉक हे लाडकं पात्र मरणार ही बातमी आधीच फुटली, चाहते खवळले. निर्मात्यांनी सुरुवातीलाच एका सराव-प्रसंगात त्याला खोटं खोटं मारून दाखवलं, म्हणजे बातमी ऐकून आलेला प्रेक्षक निर्धास्त व्हावा. शेवट बदलला नाही, फक्त त्याची चाहूल पुसली. चाहत्यांच्या रागाला दिलेलं इतकं हुशार उत्तर नंतर फारसं दिसलं नाही.

त्याच सुमारास लास वेगासच्या एका कंपनीने पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना चित्रपटगृहातच कार्ड देऊन श्रेणी विचारायला सुरुवात केली. श्रेणी ए प्लसपासून एफपर्यंत. शाळेच्या सवयीने बी म्हणजे बरा निकाल वाटतो. इथे तसं नाही. पहिल्या दिवशी येणारा मुळातच उत्सुक असतो, त्यामुळे मोठ्या मालिकेच्या भागाला ए किंवा ए वजा मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. बी प्लस मिळाला तर निर्माते काळजीत पडतात.

समीक्षा आणि प्रेक्षकांची मतं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरचे टक्के वेगळ्या जातीचे. समीक्षकांचे ९१ टक्के म्हणजे शंभरपैकी ९१ गुण नव्हेत. शंभरातल्या ९१ समीक्षकांनी चित्रपट बरा किंवा त्याहून चांगला ठरवला, एवढाच त्याचा अर्थ. प्रेक्षकांच्या बाबतीत पाचपैकी साडेतीन तारे किंवा त्याहून जास्त दिले तर ते मत अनुकूल धरलं जातं. यातून विचित्र निकाल निघतात. शंभर जणांनी प्रत्येकी तीन तारे दिले तर सरासरी ३.०, पण प्रेक्षक-टक्के शून्य. साठ जणांनी साडेतीन आणि चाळिसांनी अर्धा तारा दिला तर सरासरी २.३ वर उतरते आणि टक्के होतात ६०. ‘ठीक आहे’ म्हणणारा माणूस या हिशेबात नापसंतीच्या रकान्यात जातो.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द लास्ट जेडाय’ आला तेव्हा ही सगळी मापं एकमेकांवर आदळली. समीक्षक ९१ टक्के, दारातल्या कार्डांवर ए, आणि संकेतस्थळावरचे प्रेक्षक-टक्के घसरत चाळिशीच्या आसपास. मतं बनावट असल्याचा आरोप झाला. गडबड आढळली नाही, असं संकेतस्थळाने सांगितलं. पुढच्या वर्षी एका अभ्यासकाने दिग्दर्शकाला उद्देशून केलेली ९६७ ट्वीट तपासली. त्यांत २१.९ टक्के नकारात्मक होती, आणि त्या नकारात्मकांपैकी ५०.९ टक्क्यांमागे राजकीय हेतू असावा किंवा माणूसच नसावा, असा निष्कर्ष निघाला. मथळ्यांनी त्याचं ‘निम्मे टीकाकार बनावट’ करून टाकलं. एका माणसाला पाठवलेल्या ट्वीटवरून सगळ्या प्रेक्षकांबद्दल असं बोलता येत नाही. पण तो गैरसमज आजही नव्या भागाच्या वेळी तसाच वापरला जातो.

खरा वादाचा निर्णय २०१९ चा. फेब्रुवारीत त्या संकेतस्थळाने ‘बघायची इच्छा’ दाखवणारे टक्के काढून टाकले आणि प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया बंद केल्या. लोक ते टक्के प्रेक्षकांचे गुण समजतात, हे एक कारण दिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. पण तेव्हाच येऊ घातलेल्या एका सुपरहिरोपटावर न पाहताच नापसंती ओतली जात होती, त्यामुळे वेळ साधून बदल केला असा संशय राहिला. मे महिन्यात दुसरं पाऊल पडलं: ठळक दिसणारे प्रेक्षक-टक्के आता तिकीट घेतल्याची पडताळणी झालेल्यांचेच. बाकीच्यांची मतं पुसली नाहीत, पण ती बघायला वेगळं बटण दाबावं लागू लागलं.

न पाहता मत देणाऱ्यांना रोखायला हा उपाय योग्यच होता. गोची दुसरीकडे झाली. पडताळणी सुरुवातीला संकेतस्थळाच्याच मालक कंपनीच्या तिकीटविक्री सेवेवर अवलंबून होती, म्हणजे मुख्यतः अमेरिकेतली ऑनलाइन तिकिटं. खिडकीवर तिकीट घेणारा बाहेर, परदेशातला बाहेर, महिन्यांनी घरी बसून पाहणारा तर बाहेरच. राहतो तो बहुधा आधीच तिकीट काढून ठेवणारा उत्साही. एका टोकाचा कल काढताना दुसऱ्या टोकाचा आत आला.

सात महिन्यांनी ‘स्टार वॉर्स’च्या पुढच्या भागाने, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ने ते दाखवून दिलं. समीक्षक पन्नाशीच्या आसपास, दारातली श्रेणी बी प्लस, पडताळलेले प्रेक्षक ८६ टक्के. तो ८६ बरेच दिवस हलेना, तेव्हा आकडा गोठवल्याची ओरड झाली. त्यासाठी कटाची गरज नाही, साधं गणित पुरतं. समजा पाच हजार मतांवर ८६ टक्के आहेत आणि नवी शंभर मतं आली, त्यांत अनुकूल ६६ टक्केच. एकूण होतात ८५.६, पडद्यावर पुन्हा ८६. शिवाय चित्रपटगृहातून चित्रपट उतरला की पडताळलेली नवी मतं जवळपास थांबतातच.

तेव्हा २०१७ चा चाळिशीतला आकडा आणि २०१९ चा ८६ शेजारी ठेवून ‘चाहत्यांना दुसरा आवडला’ म्हणणं चूक. मधल्या काळात मापच बदललं होतं. दारातल्या कार्डांची पद्धत बदलली नव्हती, आणि तिथे क्रम नेमका उलटा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रेक्षक-टक्क्यांना नवं नाव मिळालं आणि पडताळलेले ९० किंवा त्याहून जास्त टक्के मिळवणाऱ्या चित्रपटांना खास बिल्ला, म्हणजे वादग्रस्त माप आणखी ठळक झालं.

मापांवर एकमत होत नाही तेव्हा दुसऱ्या आठवड्यातली कमाईची घसरण निर्णायक म्हणून काढली जाते. अमेरिकेत ‘द लास्ट जेडाय’ची कमाई दुसऱ्या शुक्रवार-ते-रविवारात ६७.५ टक्क्यांनी पडली, तर त्याच मालिकेतल्या २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’ची ३९.८ टक्क्यांनी. हा पुरावा देणारे कॅलेंडर बघत नाहीत. २०१५ मध्ये त्या तीन दिवसांची सुरुवात नाताळच्या दिवशी झाली होती. २०१७ मध्ये त्यांतला रविवार २४ डिसेंबर होता, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथली चित्रपटगृहं ओस असतात. घसरण केवळ कॅलेंडरने समजावता येईल त्याहून मोठी होती हे खरं, पण सगळी चाहत्यांच्या रागाच्या नावावर टाकता येत नाही. चित्रपटाने अमेरिका-कॅनडात सुमारे ६२ कोटी डॉलर कमावले, २०१७ च्या चित्रपटांमध्ये सर्वाधिक.