कॅनडात शिवलेला पार्का आणि एका कंपनीचं बळ : पार्श्वभूमी

कॅनडा गूस या थंडीचे महागडे कोट बनवणाऱ्या कॅनेडियन कंपनीच्या शेअरवर बोलणारे लोक हल्ली बहुतेक वेळा दोनच गोष्टींपाशी घुटमळतात : चीनमधली मागणी आणि यंदा थंडी किती पडली. तिमाही निकाल समजून घ्यायला तेवढं पुरतं. पण हजार-दीड हजार डॉलरचा पार्का, म्हणजे पिसं भरलेला, टोपी जोडलेला जाड कोट, विकणारी ही कंपनी इतरांपेक्षा वरचढ नेमकी कशामुळे ठरली आणि ते बळ आज किती उरलं आहे, हे तपासायचं तर २००१ साली घेतलेल्या निर्णयापाशी जावं लागतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९५७ साली टोरोंटोत पोलंडहून आलेल्या एका स्थलांतरिताने छोटा कपड्यांचा कारखाना काढला. लोकरी बंड्या, रेनकोट, स्नोमोबाइल ही बर्फावरची गाडी चालवणाऱ्यांचे सूट असा माल तिथे निघे. सत्तरच्या दशकात जावई धंद्यात आला आणि त्याने कपड्यात मोजून पिसं भरणारं यंत्र बनवलं. बरंचसं काम दुसऱ्यांच्या लेबलखाली जाई, सोबत 'स्नो गूस' हे स्वतःचं लेबलही होतं. ऐंशीच्या दशकात अंटार्क्टिकावरच्या संशोधकांसाठी जाडजूड पार्का तयार झाला. १९८२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या कॅनेडियन गिर्यारोहकाच्या अंगावरही याच कारखान्याचा पार्का होता. पुढे या गोष्टी ब्रँडची पुण्याई म्हणून सांगितल्या गेल्या. त्या काळी मात्र ती हातात आलेली, नीट पार पाडलेली कामं होती. युरोपात 'स्नो गूस' नाव आधीच दुसऱ्या कुणाकडे असल्यामुळे तिथे 'कॅनडा गूस' वापरलं गेलं, आणि शेवटी तेच सगळीकडे राहिलं.

२००१ मध्ये संस्थापकाचा नातू प्रमुख झाला. वय तिशीच्या आतलं. दुसऱ्यांच्या लेबलसाठी शिवणं बंद करायचं आणि पार्का कॅनडातच शिवायचा, ही त्याची दिशा होती. पहिल्या भागाबद्दल फारसा वाद नाही. दुसऱ्याबद्दल आजही आहे, आणि माझ्या मते कंपनीचं मूल्यमापन करणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथेच घालवायला हवा.

उत्तर अमेरिकेतला कपडे शिवण्याचा धंदा तेव्हा झपाट्याने आशियाकडे चालला होता. जागतिक व्यापारातले कापड-कपड्यांचे कोटे, म्हणजे आयातीवरच्या मर्यादा, २००५ च्या सुरुवातीला संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि टोरोंटो, मॉन्ट्रियल, विनिपेगमधले कारखानदार त्याआधीच गाशा गुंडाळत होते. अशा वेळी इथेच थांबणं हा वेडेपणा आहे असं धंद्यातल्या अनेकांचं मत होतं. नातवाचा युक्तिवाद वेगळा होता. युरोप आणि जपानमधल्या ग्राहकाला हा कोट थंडीच्या देशात, थंडी माहीत असलेल्या लोकांनी बनवलेला हवा होता. स्वित्झर्लंडचं घड्याळ दुसऱ्या देशात बनलं तर त्याचं काय उरेल, तसंच हे.

कंपनीच्या कथनात हा निर्णय निव्वळ दूरदृष्टीचा म्हणून येतो. ते पूर्ण चित्र नाही. २००२ च्या सुरुवातीला कॅनेडियन डॉलर ६२ अमेरिकी सेंटच्या आसपास घसरला होता. कॅनडात मजुरी देऊन परदेशात विकणाऱ्याला एवढा अनुकूल काळ क्वचितच मिळतो. २००७ मध्ये दोन्ही डॉलर बरोबरीला आले, तोवर ब्रँडचा भाव इतका चढला होता की मजुरीचा बोजा सोसणं शक्य झालं. चलनाने सुरुवातीची वर्षं सावरून धरली नसती तर हा निर्णय टिकला असता का, हा प्रश्न विचारल्याशिवाय 'दूरदृष्टी' हा शब्द वापरू नये. तरीही पुढचं श्रेय कंपनीचंच. डॉलर महागल्यावरही ती हलली नाही. शिवणकाम जाणणारे हात देशातून नाहीसे होत असताना तिने प्रशिक्षण देऊन नवे कारागीर तयार केले, त्यांत नव्याने स्थलांतरित झालेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. स्पर्धकांच्या वाटेतला खरा अडथळा इथे उभा राहिला. जाहिरात कुणीही विकत घेऊ शकतं, पण जड पार्का शिवू शकणारे शेकडो कारागीर एका हंगामात उभे करता येत नाहीत.

'मेड इन कॅनडा' लिहिण्याचा नियम मात्र वाटतो तितका कडक नाही. शेवटचा महत्त्वाचा बदल कॅनडात झाला आणि थेट खर्चाचा किमान ५१ टक्के भाग तिथे झाला, तर हे शब्द चालतात. 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' म्हणायचं तर हेच प्रमाण ९८ टक्के लागतं. म्हणजे झिप, बटणं, कापड बाहेरचं असूनही पहिला दावा खरा ठरू शकतो. याच दाव्यावरून २०१६ मध्ये नियामक यंत्रणेने एका स्पर्धक पार्का कंपनीला कायदेशीर कारवाईत खेचलं. तिचे कोट बहुतांशी आशियात शिवून येतात आणि कॅनडात फक्त शेवटचा हात फिरतो, असा आरोप होता. वर्षअखेरीस तडजोड झाली : पाच वर्षांत साडेसात लाख डॉलर सेवाभावी संस्थांना द्यायचे आणि लेबलवर आयात केलेल्या भागांचा उल्लेख करायचा. कॅनडा गूसचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. तिला फायदाच झाला, कारण ज्या दाव्यासाठी इतर कंपन्या धोका पत्करायला तयार होत्या तो तिच्याकडे आधीपासून खरा होता.

मग हेच अंतिम बळ का? इथे मॉन्क्लेर ही पिसांची महागडी जॅकेट विकणारी स्पर्धक कंपनी आडवी येते. १९५२ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये सुरू झालेली, २००३ नंतर इटालियन मालकाने उभारी दिलेली ही कंपनी मोठ्या प्रमाणावर पूर्व युरोपात माल बनवते. तरीही तिचा कामकाजातला नफा महसुलाच्या ३० टक्क्यांच्या आसपास असतो. कॅनडा गूसचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत त्याच्या निम्म्याहून कमी आहे. तेव्हा शिवण्याचं ठिकाण पुरेसं नाही, हे आकडेच सांगतात. मॉन्क्लेरने फॅशनचं बळ कमावलं. कॅनडा गूसचं बळ उपयोगाच्या खरेपणात होतं, आणि तो खरेपणा कारखान्याशी बांधलेला होता.

डिसेंबर २०१३ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेने बहुसंख्य हिस्सा घेतला आणि वेग बदलला. २०१४ मध्ये ऑनलाइन विक्री आली, २०१६ मध्ये टोरोंटो आणि न्यूयॉर्कमध्ये पहिली दुकानं उघडली, मार्च २०१७ मध्ये १७ कॅनेडियन डॉलर भावाने आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, झाला. त्यात जुन्या मालकांनी एका शेअरला दहा मतं असलेला वर्ग स्वतःकडे ठेवला. दुकानांमागचं गणित सरळ होतं. दुसऱ्या दुकानदाराला पार्का दिला तर ढोबळ नफा (विक्रीतून फक्त माल बनवण्याचा खर्च वजा करून उरणारा) ५० टक्क्यांच्या अलीकडे, स्वतः विकला तर ७५ च्या आसपास. मार्च २०१७ अखेरच्या वर्षात थेट विक्रीचा वाटा चौथ्या हिश्शाच्या थोडा वर होता, आता तो ७० टक्क्यांच्या पुढे आहे. या काळात महसूल ४० कोटींवरून १३० कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेला. शेअर मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये ७० अमेरिकी डॉलर ओलांडून २०२४ मध्ये पुन्हा आयपीओच्या भावाच्या आसपास आला.

मधल्या वर्षांत वादही झाले. कोयोट या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या फरवरून प्राणीहक्क कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि जून २०२१ मध्ये कंपनीने फर सोडत असल्याचं जाहीर केलं. टोपीच्या कडेची फर वारा अडवायची, हे खरं. पण त्याहून ती शंभर पावलांवरून ब्रँड ओळखायची खूण होती, आणि तिची जागा घेईल असं काही अजून दिसत नाही. त्याच वर्षी शांघायमध्ये पिसांबद्दलच्या जाहिरातीतल्या दाव्यावरून साडेचार लाख युआनचा दंड झाला. हा दंड मला फरपेक्षा गंभीर वाटतो, कारण तो थेट खरेपणावर बोट ठेवतो. डिसेंबरमध्ये विनिपेगच्या तीन कारखान्यांतल्या कामगारांनी मोठ्या बहुमताने कामगार संघटनेच्या बाजूने मत दिलं. 'कॅनडात शिवलेलं' ही ओळ ज्यांच्या हातांवर उभी आहे त्यांना संघटनेसाठी झगडावं लागलं, याची नोंद गुंतवणूकदारांच्या अहवालांत फारशी झाली नाही.

दुकानांच्या निर्णयाचा परिणाम याहून खोल आहे. दुसऱ्याच्या दुकानात पार्का हिवाळ्यात जातो आणि उन्हाळ्यात त्या जागेचं भाडं आपल्याला पडत नाही. स्वतःच्या दुकानाचं भाडं बारा महिने चालू. कंपनीचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच मार्चअखेर संपतं, आणि एप्रिल ते जूनची तिमाही दरवर्षी तोट्यात जाते. हा खड्डा भरायला हलकी जॅकेट, विणलेले कपडे, बूट, चष्मे आले. विणकाम २०१७ पासून इटलीत होऊ लागलं, तर २०२३ मध्ये रोमानियातला कारखानाच विकत घेतला. त्या वर्षी जाहीर केलेलं २०२८ पर्यंत ३०० कोटींच्या महसुलाचं लक्ष्यही याच विस्तारावर बेतलेलं होतं. मार्च २०२४ मध्ये कार्यालयीन नोकऱ्यांतल्या सुमारे १७ टक्के कमी कराव्या लागल्या, आणि मे महिन्यात कंपनीने पहिल्यांदाच क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे डिझाइनची दिशा ठरवणारा प्रमुख, नेमला, तोही पॅरिसच्या फॅशनमधून आलेला. जड पार्का आजही कॅनडातच शिवला जातो. पण वाढीसाठी कंपनी ज्या मालावर भिस्त ठेवते आहे, त्यात कॅनडातल्या कारागिरांचं कसब फारसं लागत नाही, आणि त्या मैदानात मॉन्क्लेरसारख्या कंपन्या वीस वर्षं आधीपासून उभ्या आहेत.